डब्यावरचा चेहरा
रिकामा डबा उघडला की तळाशी चिकटलेल्या मसाल्याचा, खोबऱ्याचा नि दगडफुलाचा वास येतो आणि मला देवळालीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमधली ती दुपार आठवते. सासूबाई मसाला भाजायच्या, मी कुटून डब्यांत भरायचे. डब्यावर त्यांचाच फोटो होता, डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. बेलापूरच्या बाजारातही लोक ‘आजीचा मसाला’ म्हणूनच मागायचे. त्या दुपारी आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक, शाळेतल्या एक बाई, डबा घेऊन आल्या. “नाताळाचं मटण वाया गेलं हो,” त्या हळूच म्हणाल्या, “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” मी झाकण काढलं, तर आत रंगवलेलं तिखट आणि भुसा. डबा मात्र आमचाच होता. कुणीतरी भंगारातून आमचे रिकामे डबे उचलून, त्यात भेसळ भरून बाजारात विकत होतं. बाई गेल्यावर मी म्हटलं, नवा फोटो, नवं लेबल छापून घेऊ. सासूबाई डब्यावरच्या स्वतःकडे बघत बसल्या होत्या. “लोकं माजं तोंड बघून घेत्यात, ते कसं बदलनार? रिकामे डबे परत मागव, अन् भंगारात द्यायच्या आदी माज्या तोंडावर खिळा ठोक. भोकाच्या डब्यात कोन काय भरनार?” माझा हात उचलेना, तेव्हा हातोडी त्यांनीच घेतली. आता त्या नाहीत. डबे अजून परत येतात. मी खिळा फोटोतल्या त्यांच्या डोळ्यांपासून लांब, हनुवटीपाशी धरते आणि ठोकते.