तारादेवीचा उजवा हात

दुकानातली धूळ रोज पुसा, रोज साचते. किश्श्यांचंही तसंच! घाटकोपरला जुन्या वस्तूंचं दुकान आहे. मालक काका, विक्रीला भांडुपच्या सुमनताई आणि साफसफाईला मी. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून माझी तीन वर्षांची लेक चिऊ माझ्यासोबत असते. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पोरीचा हात मूर्तीला लागला, तर दुसऱ्या दिवसापासून दोघी घरी." तेव्हापासून माझा एक डोळा फडक्यावर, एक चिऊवर.

*

वीतभर उंचीची तारादेवी आली. तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. तांबं म्हटल्यावर मी घरून चिंच भिजवून नेली! काका ओरडले, "अगं थांब! देवी राहील, सोनं जाईल!" आता फक्त कोरडा ब्रश.

*

एक गिऱ्हाईक सुमनताईंना म्हणालं, "बौद्धांची देवी ना? म्हणजे तुमचीच. सांगा माहिती."

"आमच्या घरी बुद्धवंदना असते, देवी नसते," ताई म्हणाल्या. "माझी पण हिच्याशी ओळख काकांनीच करून दिली!"

*

काका सांगतात, डावा पाय मुडपलेला म्हणजे ध्यान. उजवा खाली सोडलेला, कोणी हाक मारली की लगेच उठायला. उजवा हात उघडा, तो देणारा.

सुमनताई मला म्हणाल्या, "पाय बघ, सेम तू! डबा खाताना पण अर्धी उठलेली असतेस."

*

एकदा मला दिसलं, देवीच्या गुडघ्यावरचं सोनं गेलंय. वाट लागली! आळ माझ्यावरच येणार. पण काका म्हणाले, "ते जुनंच आहे. भक्तांनी हात लावून लावून झिजवलंय."

सुमनताई पटकन म्हणाल्या, "मग चिऊने काय घोडं मारलंय?"

"ते भक्त होते. ही बिस्किट खाते!"

*

शेवटी मुलुंडच्या एक बाई तारादेवी न्यायला आल्या. मी गुंडाळायला कापड आणायला आत गेले. एवढाच वेळ! बाहेर आले तर सगळे मूर्तीकडे बघतायत. देवीच्या उजव्या तळहातावर बिस्किटाचा तुकडा. ओला, चिकटवलेला.

मी चिऊची पिशवी भरायला घेतली.

"ती मागत होती," चिऊ म्हणाली.

सुमनताई म्हणाल्या, "काका, हात कुठे लागलाय? बिस्किट लागलंय!"

काकांनी ब्रश घेतला. सावकाश एकेक कण झटकला. मग गुडघ्यावर हात टेकून चिऊसमोर खाली बसले आणि उजवा तळहात पुढे केला.

"आणि मला?"