उलटी गुंडाळलेली रिबीन

कराडच्या पेठेत निजामभाईंचं कॅसेटचं दुकान होतं. कॅसेटी भाड्यानंही मिळायच्या. दुकान त्यांचं, पण निम्मं काम बायकोच्या, हुसेनबीच्या हातचं. गिऱ्हाइकांनी अर्धवट ऐकून परत केलेल्या कॅसेटी संध्याकाळी पिशवीतून घरी यायच्या आणि हुसेनबी त्या पेन्सिलीवर गरागरा फिरवून पुन्हा पहिल्या गाण्यावर आणून ठेवायची. मशीनवर फिरवल्या तर मशीन झिजतं, असं निजामभाईंचं म्हणणं. बायको झिजते, हे त्यांच्या ध्यानात यायला वीस वर्षं लागली, असं ती हसत हसत सांगायची.

कॅसेटी गेल्या, दुकान गेलं, निजामभाई घरी बसले. रिकामा माणूस घरात किती नडतो ते ज्याच्या घरात असतो त्यालाच कळतं. डब्यांच्या जागा बदलणं, सुनेला भाजी चिरायला शिकवणं असले उद्योग सुरू झाले. मुलगा अश्फाक कुंडलला शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी रिवायंडिंग करून द्यायचा, रोज कराडहून जाऊन येऊन. त्यानं एक दिवस फोटो छापायचा जेवणाच्या डब्याएवढा प्रिंटर आणून बापापुढे ठेवला आणि घर शांत झालं.

मोबाइलमधला फोटो त्यात पाठवला की कागद आतल्या रंगीत रिबिनीखालून चार वेळा आतबाहेर करायचा. पहिल्यांदा बाहेर यायचा तो नुसता पिवळा, हळद फासल्यासारखा. मग लाल चढायचा, मग निळा, आणि तेव्हा कुठं माणूस माणसासारखा दिसायचा. चौथ्या खेपेला वरून चकाकी. पहिल्या दिवशी हुसेनबीनं पिवळा कागदच ओढून काढला होता, झालं म्हणून. त्यावर निजामभाई आठवडाभर हसले. नातीचा वाढदिवस, ईद, शेजारणीची शेळी, जे दिसेल ते छापायचे. घरात नमाज पढली जायची म्हणून भिंतीवर फोटो लावत नव्हते. सगळे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायचे.

त्या डब्यात सगळं जग होतं, फक्त निजामभाई नव्हते. कुणी म्हटलं, तुम्हीही उभे राहा, तर म्हणायचे, मग काढणार कोण?

गेल्या थंडीत छातीत कळ आली म्हणून त्यांना मिरजेला नेलं. तिथून ते परत आले ते झाकूनच.

आठ महिने गेले आणि हुसेनबीला एक गोष्ट कळून चुकली. नवऱ्याचा चेहरा तिला आठवत नव्हता. खोकला आठवायचा, उंबऱ्यात चपला झटकण्याचा आवाज आठवायचा, पांढरा झब्बा आठवायचा. चेहऱ्यापाशी गेलं की काहीच नाही. आधार कार्डावर फोटो होता, पण त्यावरचा माणूस कुणाचाच कुणी नसतो. चव्वेचाळीस वर्षं ज्याच्यासोबत जेवले, त्याचं तोंड विसरले, हे सांगायचं कुणाला? तिला लाज वाटायची, आणि त्याहून जास्त भीती. आज चेहरा गेला, उद्या आवाज जाईल, आणि मग तो माणूस दुसऱ्यांदा मरेल.

अश्फाकची मुलगी मिस्बाह नर्सिंगला सांगलीला निघाली, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. नातीला तरी विसरायला नको म्हणून हुसेनबीनं तिला घराच्या हिरव्या दारापुढं उभं केलं आणि मोबाइलवर फोटो काढला. छापायला गेली तर कागद उरलेले, रिबीन मात्र संपलेली. नवी मागवली तर चार दिवस लागणार. हुसेनबीनं रिबिनीचा डबा काढून उजेडात धरला. पट्ट्यावर रंग तर ढीगभर दिसत होता. तिनं जुनी पेन्सिल शोधली, चाकात घातली आणि पट्टा थोडा मागं फिरवला. हातांना सवय होतीच.

मिस्बाह म्हणाली, असं चालत नसतं. पण मशीन चाललं. कागद पिवळा होऊन आला, मग लाल. तिसऱ्या खेपेला निळा चढून आला तेव्हा मिस्बाहनं हात मागं घेतला.

फोटोत ती होती. तिच्या डाव्या खांद्यामागं, दाराला लागून, एक माणूस होता. काळा झब्बा, काळीभोर दाढी, राखेसारखं पांढरं तोंड आणि डोळ्यांच्या जागी पांढरे ठिपके. मिस्बाहनं मागं वळून दाराकडं पाहिलं. दारात ऊन होतं, बाकी कुणी नव्हतं.

हुसेनबीनं फोटो सोडला नाही. ती दाढी तिच्या ओळखीची होती. लग्नाच्या दिवशी पडद्याआडून तिनं जी पाहिली होती, तीच.

दुपारी अश्फाक आला. मोटारीच्या तारा उलगडण्यात त्याचा जन्म गेलेला. त्यानं रिबीन खिडकीत धरली आणि हसायलाच लागला. छापलेल्या प्रत्येक फोटोचा रंग पट्ट्यावरून उडतो आणि त्याची उलटी छबी मागं राहते, असं त्यानं समजावलं. पांढरं होतं तिथला रंग तसाच राहतो, म्हणून पांढरी दाढी काळी. त्याच पट्ट्यावरून दुसरा फोटो छापला की आधीचा माणूस वर येणारच. पण अब्बांचा फोटो छापला कुणी, हे त्यालाही कळेना.

मग मिस्बाह रडकुंडीला आली. मिरजेला जायच्या आदल्या दिवशी दादांनी, म्हणजे आजोबांनी, तिच्याकडून स्वतःचा फोटो काढून घेतला होता. "मधी उभं राहा म्हटलं तर म्हणाले, न्हाई, हितंच, कडंला. दोनदा छापला. लय म्हातारा दिसतोय म्हणून दोन्ही फाडले. दादीला सांगू नको म्हणाले. मोबाइलमधलाबी पुसायला लावला."

दोनदा छापला, म्हणजे एक छबी मिस्बाहच्या फोटोत खर्ची पडली आणि एक अजून शिल्लक होती. हुसेनबीनं पट्टा पुढं सरकवून खिडकीत धरला. निजामभाई हिरव्या दाराच्या एका कडेला ताठ उभे होते, थेट समोर बघत. बाजूला एका माणसाची जागा मोकळी होती.

तिनं ईदची साडी नेसली. दारापुढं त्या मोकळ्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि मिस्बाहला काढ म्हणाली. अश्फाक म्हणाला, "अम्मी, एकदा छापलं की ती बी छबी गेली. परत न्हाई यायची." तिला ते ठाऊक होतं. हवं तर पट्टा तसाच जपून ठेवता आला असता. तरीही तिनं छाप म्हटलं.

कागद पिवळा आला, लाल आला, निळा आला. चौथ्या खेपेनंतर अश्फाकनं तो उचलून खिडकीपाशी नेला.

दोघं शेजारी शेजारी होते. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच. ती पिकल्या केसांची, ते काळ्या दाढीचे. जणू म्हातारी आई आणि तिचा लेक. पण निजामभाई समोर बघत नव्हते. त्यांची मान वळलेली होती आणि ते तिच्याकडं बघत होते.

अश्फाकनं रिबीन पुन्हा उजेडात धरली, पुन्हा फोटो पाहिला. मिस्बाहनं दार लावून घेतलं.

हुसेनबीनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ तो चेहरा बघत बसली. नाक जरासं डावीकडं झुकलेलं होतं. हे ती कशी विसरली होती कुणास ठाऊक. मग तिनं तो बिस्किटाच्या डब्यात सगळ्यात वर ठेवला, झाकण लावायच्या आधी लावलेल्या दाराकडं वळली आणि हळूच म्हणाली, "आवं, आता ह्यो तरी फाडू नगासा."