रक्तपेढीचा जुना नंबर

माझी आत्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बावीस वर्षं बसली, आणि तेवढ्या वर्षांत तिने नंबरांच्या यादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ऐंशी विभागांचे नंबर तोंडपाठ. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन जोडलेला. आमच्या घराण्याच्या वाट्याला आलेलं सगळं डोकं तिनेच घेतलं, आम्हाला नुसते केस मिळाले.

मग नवा बोर्ड आला आणि सगळे नंबर बदलले. सत्तावीस नंबरला रक्तपेढी होती, तिथे आता धोबीखाना आला. तिसऱ्याच दिवशी ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांनी रक्तपेढी मागितली, आत्याचं बोट सवयीने सत्तावीसवर गेलं, आणि पलीकडून धोबी म्हणाला, "आज नाही जमणार, अजून वाळतंय."

पेशंट वाचला, पण अधीक्षकांनी आत्याला बोलावलं. "बाई, यादी समोरच्या भिंतीवर लावा, नाहीतर चौकशीच्या खिडकीत बसा."

"यादी बघूनच जोडायचं तर भिंतीलाच पगार द्या," आत्या म्हणाली. तिच्या नाकावर कायमच राग. शेवटी सोमवारी परीक्षा घ्यायचं ठरलं. चुकली तर खिडकी.

मग घरी घोकंपट्टी सुरू झाली. यादी धरून मी विचारायची, ती भाजी चिरता चिरता सांगायची. जितकं घोकावं तितका घोळ वाढत होता. नवा नंबर आठवायला जावं तर जुनाच आधी पुढे यायचा.

"वय झालं आता तुझं," माझे बाबा म्हणाले.

"वय कसलं, दादा? विसरले असते तर सुटले असते. दोन्ही एकदम दारात येतात आणि अडकून बसतात."

मग तिने जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. जेवणाच्या सुट्टीत ती विभागाविभागांतून हिंडली आणि इतकी वर्षं ज्यांचे नुसते आवाज ऐकले त्यांची तोंडं बघून आली. नवे नंबर तिने विभागांना लावलेच नाहीत, माणसांना लावले. रक्तपेढीतली घोगऱ्या आवाजाची बाई एकसष्ट. एक्स-रेमधला जांभईबहाद्दर बेचाळीस. विभागाचं नाव घेतलं की जुना नंबर उठायचा, माणूस डोळ्यांपुढे आणला की नवाच यायचा. मला तिचा असा अभिमान वाटला की कॉलेजात भेटेल त्याला सांगत सुटले.

सोमवारी अधीक्षकांनी उलटसुलट चाळीस विभाग विचारले. चाळीसही बरोबर. बोर्ड तिचाच राहिला.

सहा महिन्यांनी एकदा जेवताना तिचा घास हातातच राहिला. "अगं, रक्तपेढीचा जुना नंबर काय होता गं? बावीस वर्षं लावला, आणि आता काही केल्या आठवत नाही." तिचे डोळे भरून आले होते.

मला तो पाठ होता. सांगितला असता तर तिला किती बरं वाटलं असतं. पण सकाळी सातला तिला बोर्डावर बसायचं होतं.

"मलाही नाही आठवत," मी म्हटलं.