लाल दोरी

शाळेत तिला सगळे दोरीमावशी म्हणत, आणि हे नाव तिने घाम गाळून कमावलं होतं. ती शिपाई म्हणून लागली तेव्हा शिक्षिकांच्या टेबलांवर कागदांचे नुसते डोंगर असायचे. एकेक वही हुडकण्यात त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. मावशीने साधी युक्ती काढली. तपासायचं ते लाल दोरीत, तपासलेलं निळ्या दोरीत. बिनदोरीचं ते रद्दी, ते थेट बालवर्गात कातरकामाला. शिक्षिकांचा रोज तासभर वेळ वाचू लागला आणि मावशीचा भाव वधारला. "मी कागद वाचत नाही, दोरी बघते," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. इतकं फुशारू नये माणसाने, पण कौतुक कोणाला नको असतं?

त्या शुक्रवारी मधली सुट्टी संपली आणि नव्या बाई धापा टाकत तिच्याकडे आल्या. बिचारीला लागून चारच महिने झाले होते, नोकरी अजून पक्की व्हायची होती. सातवीचे वार्षिक परीक्षेचे गणिताचे पेपर टेबलावर नव्हते. सकाळी त्याच टेबलावरून मावशीने एक बिनदोरीचा गठ्ठा उचलला होता.

ती बालवर्गाकडे पळाली. भिंतभर कागदी मासे लावले होते, डिंक अजून ओला होता. एका माशाच्या पोटावर अर्धंमुर्धं गणित दिसत होतं. खाली कातरणांचा खच पडला होता. मावशी मुलांच्या बुटक्या खुर्चीत मटकन बसली. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, लेक अजून शिकतेय. ही नोकरी सुटली तर चूल कशावर पेटायची?

मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, दोघींना बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर नव्या बाईंनी हळूच सगळं सांगून टाकलं. आदल्या दिवशी शाळा सुटताना एका मुलीच्या दप्तराचा पट्टा तुटला होता. वाटेत पुस्तकं सांडतील म्हणून त्यांनी पेपरांची लाल दोरी सोडून पट्ट्याला बांधली, आणि दुसरी मागायची विसरल्या. मावशीला वेगळंच आठवत होतं. गठ्ठा उचलताना सगळ्यात वरच्या पानावर तिला परीक्षेचा शिक्का दिसला होता. चांगला स्पष्ट दिसला होता. क्षणभर हात थांबलाही होता. पण दोरी नाही म्हणजे रद्दी, असं म्हणून तिने गठ्ठा काखोटीला मारला होता.

आत मोठ्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. तो काढला की शाळेतल्या भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. त्यांनी आधी मावशीलाच विचारलं.

"गठ्ठ्याला दोरी होती का?"

शिक्क्याचं सांगायला हवं होतं. ओठापर्यंत आलंही होतं. पण भीती वाईट असते हो, ती माणसाला धड खोटंही बोलू देत नाही.

"नव्हती," मावशी म्हणाली.

मोठ्या बाई नव्या बाईंकडे वळल्या. नव्या बाईंनी दोरी सोडल्याचं कबूल केलं, दप्तराचंही सांगितलं. मावशीकडे बोट दाखवलं नाही. मोठ्या बाईंनी मावशीला जायला सांगितलं.

सोमवारी सातवीची परीक्षा पुन्हा घेतली, दुसऱ्याच शिक्षिकेने. नव्या बाईंचं टेबल मोकळं होतं.

सुट्टीत एक मुलगी मावशीला शोधत आली. दप्तराचा पट्टा आईने शिवून दिला होता. तिने मुठीतली लाल दोरी मावशीपुढे धरली.

"बाईंनी जाताना सांगितलं होतं, मावशींची आहे, आठवणीने परत दे. त्या कधी येणार?"

मावशीने दोरी घेतली.

आता ती प्रत्येक कागद वाचते. शिक्षिका कुरकुरतात, पूर्वीसारखं झटपट होत नाही म्हणतात. त्या बोलतात ते ती ऐकून घेते आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागते.