पळसाखालची भरीत पार्टी

नाना, गुडघा कसा आहे? अक्का, खोकला थांबला का? आबा, साखर ताब्यात आहे ना?

आज सकाळी मेहरूण तलावावर आपला पळस बघायला गेलो. पानगळ झाली की दरवर्षी काळ्या कळ्या धरतात. यंदा खालच्या फांदीवरच्या कळ्या पार भाजून गेल्यात. बुडाशी कपाशीच्या वाळल्या काड्यांची, पऱ्हाट्यांची राख, वांग्यांची जळकी सालं, तेलकट पत्रावळ्यांवर माशा. शिसारीच आली. मोठ्यानं शिव्या घातल्या.

काठावर जाळं धुणारा मासेमार हसला, "कोनले शिव्या देतस, बाबा? परवा तुम्हीच वरडत व्हतात, अजून पऱ्हाट्या टाका म्हनून!"

खरंच की. परवाची भरीत पार्टी आपलीच होती, मी साफ विसरलो होतो. बोटं चाटत बसलो, वर कुणी पाहिलंच नाही. आता स्वतःचीच किळस येतेय.

उद्या सकाळी झाडू आणि पोतं घेऊन जातोय. कोण कोण येतंय? लवकर लिहा.