पाय धुण्याचा गुरुवार

प्रवचन ऐकून घरी गेल्यावर माणसाला सुखानं जेवता येऊ नये, अशी चोख व्यवस्था करणारे पाळकसाहेब अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके चिखलीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. आम्ही देव्हाऱ्यातले देव पुजणारी माणसं. चर्च आमच्या खिडकीसमोरच, तेवढाच आमचा त्याच्याशी संबंध. पण रविवारी बायको त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायची. येशूनं लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला, ही गोष्ट साहेब रंगात येऊन सांगत आणि मध्येच थांबून विचारत, "पन त्या लग्नातले भांडे कोनं घासले असतीन?" पुढचं सगळं प्रवचन भांड्यांवर. त्या दुपारी जेवल्यावर माझं ताट मीच उचललं, कारण बायको नुसती माझ्याकडे बघत होती.

स्वर्गाची त्यांना घाई नव्हती. "तिथलं तिथं गेल्यावर पाहू, आधी पोरीले शिकू द्या," म्हणायचे. एखाद्या मुलीची शाळा सुटली की घर हिंदूचं, मुसलमानाचं की ख्रिस्त्याचं, हे न पाहता ओसरीवर जाऊन बसायचे आणि बाप कबूल होईस्तोवर चहा पीत राहायचे. एका बापानं तर घरातली साखर संपली म्हणूनच हो म्हटलं, असं त्याची बायको अजून सांगते.

मग एकदा ते स्वतःच अडचणीत आले. येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पाळकानं मंडळीतल्या पुरुषांचे पाय धुवायचे, अशी तिथली रीत. साहेबांनी जाहीर केलं, यंदा नवऱ्यांनी बायकांचे पाय धुवायचे! मंडळीचे मुख्य पंच भडकले. "असं कराल तं चिखलीत राहनार नाही तुमी," त्यांनी बजावलं. साहेबांची मुलं इथल्या शाळेत, बायकोची नोकरी इथली. तरी माणूस हटला नाही.

त्या संध्याकाळी साहेबांनी आपल्या बायकोचे पाय धुतले आणि मग रिकाम्या खुर्चीपुढे गुडघे टेकून पुढच्या जोडप्याची वाट पाहत राहिले. पुरुषमंडळी छताचं निरीक्षण करत होती. तेवढ्यात पंचांचीच बायको येऊन खुर्चीत बसली. दारातून पंच ओरडले, "उठ! चाल घरी!" ती उठली नाही. साहेब काही बोलणार, तोच पंचांची म्हातारी आई पुढे आली आणि पदर खोचून म्हणाली, "पोराले लाज वाटते तं राहू दे. सुनेचे पाय मी धुतो." आणि तिनं ते धुतले.

बदली लवकरच आली, थेट सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरकडे. सामान चढवताना मी विचारलं, "पस्तावा होतो काय हो?" म्हणाले, "मले तं नाही होत. बायकोले इचारायची हिंमत नाही."

परवा तो गुरुवार पुन्हा आला. नव्या पाळकांनी जुनीच रीत चालू केली आहे. मी खिडकीतून पाहतो, तर पंचांची बायको चर्चच्या पायरीवर सासूला बसवून तिचे पाय धूत होती, आणि शेजारी मान खाली घालून, टॉवेल हातात धरून पंच उभे होते. मी तडक साहेबांना फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडे ते रडत होते. इकडे मीही रडत होतो. समोरासमोर असतो, तर डोळ्यांत कचरा गेला म्हणून दोघांनीही शपथेवर सांगितलं असतं.