पन्हळीखालचा खांब

माझा थोरला भाऊ फिटर होता. गव्हर्नरचा जुना राजवाडा, अख्खा ओतीव लोखंडाचा, सुटे भाग जहाजातून आणून बोल्टांनी जोडलेला. गव्हर्नर कधीच गेले, तिथे कचेरी आली, आणि देखभाल वीस वर्षं दादाकडे, रोजंदारीवर. मागच्या आवारात त्याला एक खोली होती. वहिनी आणि तो, दोघंच.

गंज चढला म्हणून व्हरांडा उतरवून पुन्हा उभारायचं ठरलं. काम नीट झालं तर दादा नोकरीत कायम आणि खोलीही त्याचीच, असं इंजिनिअर साहेबांनी सांगितलं होतं. खांब बाहेरून सगळे सारखे. पण काही आरपार पोकळ. छपराचं पाणी पन्हळीतून त्यांच्या पोटात उतरून खाली जायचं. बाकीचे खालून बंद. दादा हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाजावरून ओळखायचा.

काम निम्म्यावर असताना वहिनी दोन दिवसांच्या तापात गेली. चौथ्या दिवशी दादा कामावर हजर. रडला नाही. जेवायला वाढलं की जेवायचा.

व्हरांडा उभा राहिला, रंगही झाला. मी डबा घेऊन गेलो तेव्हा दादा शिडीवरून पन्हळीत पाणी ओतत होता. एक बादली, दुसरी बादली. खाली थेंब नाही.

"तहानलेला दिसतोय बिचारा!" रंगारी हसला.

दादा उतरला. "बंद खांब बसलाय."

"ठोकून पाहिला नव्हतास?" मी विचारलं.

"ठोकला होता. ऐकलं नाही."

रंगारी जवळ सरकला. "मिस्त्री, गप्प बसा की. पावसाळ्यापर्यंत कुणाच्या बापाला कळत नाही. तोवर कायमची ऑर्डर तुमच्या हातात."

दादाने बादली उपडी ठेवली, हात पुसले आणि सरळ साहेबांकडे गेला.

"साहेब, कोपऱ्यातला खांब चुकलाय. वरचं उतरवावं लागेल."

"परवा पाहणी, आणि आज सांगताय? इतके दिवस झोपला होतात का?"

"हो," दादा म्हणाला.

असं का म्हणाला, मला अजून नीट सांगता येत नाही.

खांब त्यानेच बदलला. कायमची जागा दुसऱ्याला मिळाली. महिनाअखेरीस खोली सोडावी लागली. हातगाडीच्या एका खेपेत संसार मावला. वहिनीची ट्रंक त्याने न उघडताच वर चढवली.

आमच्या घरी बायकोने विचारलं, "भाऊजी, खाट कुठल्या भिंतीला लावायची?"

"कुठल्याही."

तिने खिडकीजवळ लावली. तो बूट न काढता खाटेवर बसला आणि संध्याकाळपर्यंत बसूनच होता.